शाळेच्या ऑटो क्लबने गंजलेली चेतक उभी करायची तर: जून ते मे

महाराष्ट्रात जिन्याखाली, गोठ्याच्या आडोशाला किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुठे ना कुठे एक बजाज चेतक गंजत उभी असते. नवा ऑटो क्लब काढणाऱ्या शाळेने पहिल्या वर्षी तीच उचलावी. जीप नको, फियाट नको, बुलेट तर नकोच. चेतक १९७२ पासून २००० नंतरच्या काही वर्षांपर्यंत आकुर्डीच्या कारखान्यात बनत होती, आणि एके काळी तिच्यासाठी नंबर लावून लोक कित्येक वर्षं थांबत. त्यामुळे तिचं काम येणारा जुना मेस्त्री अजून बहुतेक गावांत सापडतो आणि सुटे भाग मिळतात. एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक इंजिन, चेन नाही, रेडिएटर नाही. आठवी-नववीची चार मुलं मिळून ती सहज हलवू शकतात. हल्ली शोरूममध्ये दिसणारी चेतक विजेवर चालते. नाव तेच असलं तरी तिचा या लेखाशी संबंध नाही.

खाली कामांचा क्रम शाळेच्या वर्षाप्रमाणे दिला आहे, आणि तो मुद्दाम तसा आहे. शाळेतली गाडी अर्धवट राहते ती बहुतेक वेळा कौशल्य कमी पडलं म्हणून राहत नाही. जुलैत उत्साहाने सगळी खोलली जाते, गणपती येतात, मग सहामाही, मग दिवाळी. परत येऊन बघावं तर कुठला नट कुठला ते कुणालाच आठवत नाही, आणि घासून चकचकीत केलेला पत्रा पावसाळी हवेत पुन्हा लाल झालेला असतो. म्हणून पावसाळ्यात इंजिन आणि कोरड्या हवेत पत्रा, एवढं वेळापत्रक आधी फळ्यावर लिहा.

आधी कागद

गाडी दान मिळत असेल तर आनंद आहेच, पण आरसी बुक हातात आल्याशिवाय ती शाळेच्या आवारात घेऊ नका. आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून बघा. नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उठतो, तो फाइलला लावा. मूळ मालक हयात असतील तर मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. नसतील तर आधी वारसाच्या नावावर गाडी चढवावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओला दाखवून नूतनीकरण करावं लागतं आणि पर्यावरण कर भरावा लागतो. गाडी फक्त शिकवण्यासाठी ठेवायची आणि रस्त्यावर कधीच न्यायची नाही असं ठरलं, तर नोंदणी रद्द करण्याबद्दल मालकाने आरटीओकडे लेखी विचारणा करावी. एकदा रद्द झालेली नोंदणी सहज परत मिळत नाही, म्हणून हा निर्णय घाईत घेऊ नये.

पन्नास वर्षांहून जुनी चेतक मिळाली तर गोष्ट वेगळी. २०२१ च्या नियमांनुसार अशा दुचाकींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षं चालते. अट मात्र अशी की गाडी मूळ रूपात असली पाहिजे, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसले पाहिजेत. अशा गाडीवर शिकाऊ हात चालवू नयेत. ती जाणकाराकडे सोपवा आणि क्लबसाठी ऐंशी-नव्वदच्या दशकातली साधी गाडी शोधा.

आता मुलांना पहिल्याच दिवशी सांगायची गोष्ट. गिअरच्या गाडीचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो. म्हणजे ही स्कूटर दुरुस्त करणाऱ्या एकाही विद्यार्थ्याला ती रस्त्यावर चालवता येणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो, २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इथे मालक शाळा असते. हे पालकांच्या संमतिपत्रातही लिहा.

टोचून बघा

गंज तीन प्रकारचा असतो. वरवरचा लाल थर, खाली खड्डे पाडलेला, आणि पत्रा आरपार खाल्लेला. डोळ्यांनी फरक कळत नाही, कारण रंगाखाली पत्रा फुगलेला असला तरी वरून ठीक दिसतो. जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि संशय येईल तिथे जोरात टोचा. टोक आत गेलं तर तो तिसरा प्रकार.

चेतकला वेगळा सांगाडा नाही. बॉडीचा पत्रा हाच सांगाडा आहे. त्यामुळे कुठला गंज चालेल आणि कुठला नाही हे ठरवणं सगळ्यात महत्त्वाचं. पाय ठेवायच्या फ्लोअरवरच्या रबरी पट्ट्यांखाली पाणी साचतं, तिथला पत्रा हमखास खाल्लेला मिळेल. तो कापून नवा तुकडा बसवता येतो. गाडी आडवी करून फ्लोअरच्या खालच्या आडव्या पट्ट्या आणि स्टँडची जागा बघा, हेही दुरुस्त होतं. स्टेपनीच्या झाकणाआड चिखल साठून गंज धरतो, तोही फार त्रास देत नाही. पण हँडलचा दांडा ज्या नळीतून खाली जातो तिच्या भोवती, किंवा इंजिन ज्या लांब बोल्टवर झुलतं त्याच्या जागी पत्रा पोखरलेला असेल, तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. पार्टसाठी घ्या हवं तर.

इंजिन जाम आहे म्हणून मात्र गाडी नाकारू नका. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या बहुतेक गाड्यांचं इंजिन जामच असतं आणि बऱ्याचदा ते सुटतं.

माणसं, जागा, हत्यारं

दहा-बारा मुलामुलींचा क्लब पुरे. पंचवीस घेतले तर पंधरा जण बघत उभे राहतात. दोघा-तिघांच्या जोड्या पाडा आणि कामं दर महिन्याला फिरवा. एका गोष्टीवर शिक्षकांनी डोळा ठेवायला हवा: नोंदवही मुलींकडे आणि पाना मुलांकडे ही वाटणी कुणी न ठरवताही होऊन जाते. कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) पहिल्यांदा मुलींच्या जोडीला उघडू द्या.

गावातल्या जुन्या फिटरला आठवड्यातून एकदा बोलवा आणि त्याला मानधन द्या. त्यांचा वेळ म्हणजे त्यांची रोजी आहे, ‘मुलांसाठी एवढं करा की काका’ असं म्हणून फुकट राबवून घेऊ नये. कामाचं नियोजन शिक्षकाचं, हाताचं कसब काकांचं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे हाताने काम करत शिकण्याचीच पद्धत आहे. ज्या शाळांत तशी तंत्रशिक्षणाची कार्यशाळा आधीच आहे, त्यांचं अर्धं काम झालेलं आहे.

जागा छपराखालची पण उघडी हवी. वर्गखोली नको, तळघर तर अजिबात नको. हत्यारांत ८ पासून २२ पर्यंतचे रिंग आणि फिक्स पाने, बॉक्स पान्यांचा एक संच, प्लग पाना, पक्कड, दोन हातोड्या (एक लाकडी किंवा रबरी), कानस, तारेचे ब्रश, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या), व्हर्नियर आणि फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक) ओढून काढणारा पुलर. पाने स्वस्तातले घेऊ नका. हलका पाना नटाचे कोपरे खातो, आणि कोपरे गेलेला गंजका नट काढताना अख्खा दिवस जातो. जोडीला ड्राय पावडरचं अग्निशामक, वाळूच्या दोन बादल्या, हातमोजे आणि प्रत्येकाला चष्मा. चष्म्याशिवाय तारेचा ब्रश हातात द्यायचा नाही. ब्रशची तार तुटून उडते.

जून: हात लावण्याआधी

पहिले दोन तास फक्त धुणं आणि फोटो. प्रत्येक बाजूचे, प्रत्येक केबलच्या वळणाचे, प्रत्येक वायरच्या जोडणीचे. मग सगळ्या गंजक्या नट-बोल्टांवर डिझेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शाळेच्या वेळापत्रकाचा इथे फायदाच होतो: आठवड्यातून एक तास मिळत असेल तर डिझेल मुरायला आठवडा मिळतो.

खोलताना नियम एकच आणि तो कडक: ज्या भागाचे नट-बोल्ट त्याच भागाच्या पिशवीत, पिशवीवर नाव आणि तारीख, पिशवी बांधल्याशिवाय तास संपत नाही. ‘सर, मला आठवतं ना’ असं म्हणणाऱ्याला दिवाळीनंतर काहीही आठवत नसतं. एका वेळी एकच भाग खोला. पुढचं चाक खोललं तर ते साफ होऊन परत बसेपर्यंत मागच्याला हात नाही. गाडी जितके दिवस चाकांवर ढकलता येईल तितकी ती जिवंत राहते. कोपऱ्यात सुट्या भागांचा ढीग झाला की मुख्याध्यापक भंगारवाल्याचं नाव काढायला लागतात.

चाकं: इथे घाई नको

या एका कामाबद्दल सविस्तर लिहितो, कारण नवख्या माणसाला यातला धोका दिसत नाही.

चेतकची रिम दोन अर्ध्या ताटल्या नटांनी जोडून केलेली असते, ३.५०-१० चा टायर त्या दोघींच्या मध्ये बसतो. चाकावर त्यामुळे नटांचे दोन संच दिसतात. एक संच चाक ड्रमला धरतो, दुसरा दोन ताटल्या एकमेकींना. टायरमध्ये हवा असताना चुकून दुसऱ्या संचाचे नट सोडले, तर आतल्या दाबाने ताटल्या उसळून अलग होतात आणि समोरच्याचं तोंड किंवा हात जायबंदी होऊ शकतो. म्हणून क्रम असा: चाकाला हात लावण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा, टायर हाताने दाबून खात्री करा, मगच पाना लावा. दोन्ही संचांच्या नटांवर वेगवेगळ्या रंगाचे ठिपके देऊन ठेवा. जोडतानाही ताटल्यांचे नट पूर्ण आवळल्यावरच हवा भरायची. गंजून पातळ झालेली रिम रंगवून वापरू नका, ती बदला.

टायर नवेच घ्या. जुन्या टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शिल्लक दिसली तरी पंधरा वर्षांपूर्वीचं रबर भेगाळलेलं असतं.

ब्रेकचा ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ फुंकायची नाही आणि हवेच्या पाइपने उडवायची तर मुळीच नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. साबणाचं पाणी मारून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. ब्रेक शू नवे बसवा.

जुलै ते सप्टेंबर: इंजिन

उजव्या बाजूचं झाकण काढलं की इंजिन समोर येतं. ते जाम असेल तर किकवर उभं राहून जोर करू नका, किकचे दाते तुटतात. प्लग काढा, भोकातून दोन-तीन चमचे टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल) आणि डिझेल यांचं मिश्रण सोडा आणि आठवडाभर विसरून जा. मग पंख्यावरचं कव्हर काढून फ्लायव्हील हाताने मागे-पुढे हलवा. अगदी थोडं हललं तरी पुरे, पुन्हा ऑइल सोडा. पिस्टन सुटल्यावर अंगठ्याने प्लगचं भोक दाबून किक मारा. अंगठा जोराने ढकलला गेला तर कॉम्प्रेशन आहे.

पुढे हेड आणि सिलिंडर उतरवा. इथे गणिताच्या शिक्षकांना बोलवा. चेतकचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५७ मिमी आणि स्ट्रोकही (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) ५७ मिमी. दंडगोलाच्या घनफळाच्या सूत्रात घातलं की १४५.४५ घन सेंटिमीटर येतं, आणि गाडीच्या कागदावरचा सीसीचा आकडा तोच. मुलांना व्हर्नियरने स्वतः मोजू द्या. त्यांचं उत्तर नेमकं जुळणार नाही, कारण सिलिंडर झिजून थोडा मोठा आणि लंबगोल झालेला असतो. तो वर, मध्ये, खाली आणि आडवा-उभा मोजून तक्ता करायला लावा. झीज जास्त असेल तर सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन बसवावा लागतो, हे काम लेथवाल्याचं. अर्ध्या मिलिमीटरने बोअर वाढवला तर सीसी किती होतील हेही फळ्यावर काढा (१४८ च्या आसपास येतं).

क्रँकची दोन्ही बाजूंची ऑइल सील मात्र कुठल्याही परिस्थितीत बदला. वर्षानुवर्षं पडून रबर कडक होतं, त्यातून हवा आत ओढली जाते आणि इंजिन आपोआप रेस होत राहतं. यासाठी इंजिनाचे दोन अर्धे वेगळे करावे लागतात. पहिल्या वर्षी ते काकांनी करावं आणि मुलांनी भोवती बसून बघावं. बेअरिंग, गिअर, क्लच प्लेटा एकाच बैठकीत दिसतात. तो तास चुकवू नये असा असतो.

फ्लायव्हील काढायला पुलरच वापरा, हातोडी मारली तर चुंबक आणि दांडा दोन्ही बिघडतात. जुन्या चेतकला आत ठिणगी पाडणारे कॉन्टॅक्ट पॉइंट आणि कंडेन्सर असतो, नंतरच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. पॉइंट काळे पडलेले असतील तर बदला आणि पूर्ण उघडल्यावरची फट फीलर गेजने ०.३ ते ०.५ मिमीच्या दरम्यान ठेवा. प्लगची फट ०.६ मिमी. ठिणगी बघताना प्लगची लोखंडी बाजू हेडला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, आणि जवळपास पेट्रोल नसताना.

टाकी आणि कार्ब्युरेटर

टाकी उतरवून उरलेलं पेट्रोल उघड्यावर काढा. वास घेऊन बघा, जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा उग्र वास येतो. ते गाडीत परत घालायचं नाही, आणि गटारात तर नाहीच. काकांच्या गॅरेजमधल्या जळक्या ऑइलबरोबर त्याचीही विल्हेवाट लावा.

आतला गंज काढायला टाकीत मूठभर नट आणि थोडं पाणी घालून हलवा. दोघांनी आळीपाळीने, दहा-पंधरा मिनिटं. नट मोजून घाला आणि मोजून काढा. मग सायट्रिक ॲसिडचं गरम पाण्यातलं द्रावण भरून दिवसभर ठेवा. किराणा दुकानात मिळतं ते चालतं. ओतल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने दोनदा धुवा आणि लगेच वाळवा. लगेच म्हणजे त्याच तासाला. हेअर ड्रायर आणा, उन्हाची वाट बघू नका. वाळल्यावर आत थोडं टू-टी ऑइल फिरवून ठेवा.

टाकीला भोक सापडलं तर ती बदला. रिकामी दिसणारी टाकी वेल्डिंगला देणं ही गॅरेजमधल्या सगळ्यात जुन्या अपघातांपैकी एक गोष्ट आहे: आत राहिलेली वाफ पेटते आणि टाकी फुटते.

कार्ब्युरेटरचं काम टेबलावर पांढरं कापड पसरून करा, म्हणजे पडलेला जेट (पेट्रोल जाण्याचं बारीक भोक असलेला पितळी तुकडा) दिसतो. जेट तारेने खरवडू नका, फुंकून किंवा ब्रशच्या एका केसाने साफ करा. गास्केटचा संच नवा घ्या. कार्ब्युरेटर ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवू नका, त्याचा धातू खाल्ला जातो.

दिवाळीनंतर: गंज

हवा कोरडी झाली की पत्र्याला हात घाला, त्याआधी नाही. सुटे लोखंडी भाग, म्हणजे किक, स्टँड, पट्ट्या, नट-बोल्ट, विद्युत अपघटनाने साफ करणं शाळेसाठी उत्तम, कारण क्षरणाचा धडा त्यांच्या पुस्तकात असतोच. प्लास्टिकच्या टबात लिटरमागे एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरचं ऋण टोक गंजक्या भागाला, धन टोक टाकाऊ लोखंडाच्या पत्र्याला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. काही तासांत गंज काळा, मऊ होऊन ब्रशने निघतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. ॲल्युमिनियमचे भाग या पाण्यात टाकू नका, सोडा ते खातो. टबातून हायड्रोजन निघतो, म्हणून टब उघड्यावर ठेवा, आणि चार्जर बंद केल्याशिवाय हात पाण्यात घालायचा नाही.

बॉडीचा पत्रा मात्र हातानेच घासावा लागतो. वॉटर पेपर नेहमी ओला करून वापरा. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि कोरडी धूळ श्वासात जाते. जिथे गंज खड्ड्यांत रुतला आहे तिथे फॉस्फोरिक ॲसिडचा रस्ट कन्व्हर्टर लावा, तो उरलेल्या गंजाचं काळ्या थरात रूपांतर करतो. भोकं पडलेला भाग खाली चांगला पत्रा लागेपर्यंत कापून नवा तुकडा बसवायचा. हे काम वेल्डरकडे न्या, पण कापण्याच्या रेषा मुलांनी आखाव्यात आणि पुठ्ठ्याचा साचा त्यांनीच करावा. पातळ पत्र्याला साध्या आर्क वेल्डिंगने भोकं पडतात, सीओटू वेल्डिंगवाला शोधा. भोकावर लांबी (पुट्टी) थापून वरून रंग मारणारा पेंटर भेटला तर नम्रपणे चहा पाजून परत पाठवा. पुढच्या श्रावणापर्यंत ती लांबी फुग्यासारखी सुटते.

ज्या दिवशी पत्रा उघडा झाला त्याच दिवशी रेड ऑक्साइड लागला पाहिजे. म्हणून एका तासात जेवढं घासून प्राइमर मारता येईल तेवढाच भाग घ्या: एकदा डावं झाकण, एकदा मडगार्ड, एकदा लेगशील्डची अर्धी बाजू. शनिवारची अर्धी शाळा यासाठी राखून ठेवा.

रंग

रंगाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. टू-के पीयू रंगातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याचा फवारा फुप्फुसांना घातक आहे, साध्या कापडी मास्कने तो अडत नाही. शाळेत तो मारू नये. मुलांनी लांबी आणि सरफेसर घासून पृष्ठभाग गुळगुळीत करावा, शेवटचे हात पेंटरकडून मारून घ्यावेत. खरं काम तसंही घासण्यातच असतं. रंग कुठला यावरून क्लबात भांडण होणारच, त्यासाठी एक मतदान ठेवा, पण फ्लुरोसंट हिरवा मतपत्रिकेतूनच वगळा.

जानेवारी–फेब्रुवारी: जोडणी

जोडताना पिशव्या उलट्या क्रमाने उघडा. सगळ्यात चिकट काम केबलींचं. चेतकचे गिअर डाव्या मुठीत असतात, त्यासाठी दोन केबली, एक क्लचची, शिवाय पुढचा ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि मागचा ब्रेक. बहुतेक बॉडीच्या पोटातून जातात. जुनी केबल ओढून काढताना तिच्या टोकाला मजबूत दोरा बांधा, म्हणजे दोरा आत राहतो आणि नवी केबल त्याच वाटेने येते. हे आधी केलं नसेल तर एक दुपार धीर धरून काढावी लागेल. बसवण्याआधी प्रत्येक केबलमध्ये ऑइलचे थेंब सोडा. न्यूट्रल सापडत नाही ही तक्रार बहुतेक वेळा गिअरबॉक्सची नसते, दोन गिअर केबलींचा ताण सारखा नसतो.

बल्ब घेण्याआधी गाडी ६ व्होल्टची आहे की १२ ची ते बघा. जुन्या चेतक ६ च्या होत्या. सुटे भाग पुण्यात नाना पेठेत मिळतात, आणि नवा मिळत नसलेला एखादा तुकडा बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात हाती लागतो. मुंबईकरांना कुर्ला आहे. मुलांना बरोबर न्या, जुना भाग हातात घेऊन. नुसतं नाव सांगून मागितलेला भाग बसेलच असं नाही.

पहिली किक

गिअरबॉक्समध्ये साधारण पाव लिटर एसएई ३० ऑइल घाला. एक लिटर पेट्रोल, त्यात २० मिलिलिटर टू-टी ऑइल, म्हणजे दोन टक्के. आधी बाहेर भांड्यात मिसळा, मग टाकीत घाला. ऑइल विसरलं तर बोअर काही मिनिटांत खराब होतो, म्हणून मोजण्याचं काम एकाचं आणि तपासण्याचं दुसऱ्याचं.

गाडी मोकळ्या मैदानावर, मधल्या स्टँडवर. अग्निशामक हातात घेऊन एक जण, काका हँडलपाशी, बाकी सगळे दहा पावलं मागे. पेट्रोल कॉक उघडा आणि मिनिटभर कुठे गळतंय का ते बघा. चोक ओढा, न्यूट्रल पुन्हा तपासा, किक. पाच-सहा किकांत चालू झाली नाही तर थांबून प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी नाही. कोरडा असेल तर उलटं. स्कूटर एका अंगावर कलती करून चालू करण्याची जुनी युक्ती काका दाखवतीलच. सायलेन्सर कार्बनने चोंदला असेल तर इंजिन चालू होऊन लगेच गुदमरतं. तो भाजून घेण्याचं काम गॅरेजमध्ये होतं, शाळेत नाही. सुरुवातीला धूर भरपूर येणार, सिलिंडरमध्ये सोडलेलं ऑइल जळत असतं. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका.

ब्रेक दोन्ही बाजूंनी धरतात याची ढकलून खात्री झाल्यावरच परवानाधारक मोठ्या माणसाने हेल्मेट घालून शाळेच्या मैदानात पहिला फेरा मारावा. रस्त्यावर न्यायची तर विमा, पीयूसी आणि चालू नोंदणी हवी.

मेच्या सुट्टीआधी

टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल सोडून किक दोनदा हळू फिरवा. टायरमध्ये हवा भरा, गाडी मधल्या स्टँडवर लावा, पुढच्या बाजूला विटेचा टेकू द्या. झाकायला जुनी चादर घ्या, प्लास्टिक नको, त्याखाली जूनमध्ये दमटपणा साठून सगळा गंज परत येतो. उरलेलं पेट्रोल शाळेत ठेवू नका. नोंदवही आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात, आणि कपाटाला कुलूप.